प्लेव्हनाच्या बंदुका कुणाच्या पैशाने आल्या?

लखनऊच्या ‘अवध अखबार’मध्ये १८७८ च्या अखेरीस पंडित रतननाथ सरशार यांची ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः येऊ लागली. उर्दू कादंबरीचा पाया घालणाऱ्या पुस्तकांत तिची गणना होते. नायक आझाद हा मनमौजी, हजरजबाबी तरुण. हुस्नआरावर त्याचा जीव जडतो आणि ती लग्नाला अट घालते, की आधी तुर्कांच्या बाजूने रशियाशी लढून या. मग हे महाशय खरोखरच तुर्कस्तानला निघतात. लेखक काश्मिरी पंडित, छापखाना मुन्शी नवलकिशोर यांचा आणि वाचक सगळ्या धर्मांचे. दूरच्या एका युद्धात नायकाला धाडावं असं लेखकाला वाटलं, यावरून त्या युद्धाच्या बातम्या आपल्याकडे किती चवीने वाचल्या जात असतील याचा अंदाज येतो.

ते युद्ध म्हणजे १८७७-७८ चं रशिया-तुर्क युद्ध. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव प्लेव्हना. आजच्या बल्गेरियातलं हे गाव गाझी उस्मान पाशाने जवळजवळ पाच महिने लढवलं. मुसलमान घरांतून गाझी उस्मानचं नाव पिढ्यान् पिढ्या अभिमानाने घेतलं गेलं. तुर्कस्तानात त्या लढाईवरचं कूचगीत आजही गायलं जातं. या कथेत शौर्य आहे, उपासमार आहे, जखमी सेनापती आहे. तिच्यात सहसा एक गोष्ट नसते, ती म्हणजे उस्मान पाशाच्या शिपायांच्या हातातल्या बंदुकांची पावती.

ती पावती पाहायला हवी असं मला वाटतं. एका कर्जबाजारी राज्याने आपल्या फौजेसाठी बंदूक निवडली. निवड चांगली होती, लढाईत ती सिद्धही झाली. तरीही राज्य बुडत गेलं. असं का झालं, हे शौर्याच्या कथेत सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत सापडतं.

आधी ती बंदूक काय होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरचे शिपाई ठासणीच्या बंदुका वापरत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग चाप ओढायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन गोळ्या झाडी, आणि ठासण्यासाठी त्याला बहुतेक वेळ उभं राहावं लागे. धातूचं काडतूस आलं आणि हे सगळं बदललं. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारा मसाला एकाच पितळी किंवा तांब्याच्या टोपणात बसू लागला. बंदूक मागच्या बाजूने भरता येऊ लागली, तीही जमिनीवर पडून.

पुढची पायरी अमेरिकेत गाठली गेली. न्यू हेवन गावात ऑलिव्हर विंचेस्टर नावाचा शर्टांचा कारखानदार होता. त्याने बंदुकीच्या धंद्यात पैसे घातले. त्याच्याकडच्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये लिव्हरची बंदूक तयार केली. नळीखाली आणखी एक नळी, तिच्यात एकामागे एक काडतुसं. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामं टोपण बाहेर उडतं, कडी वर घेतली की नवं काडतूस जागेवर बसतं. हात खाली-वर, चाप, पुन्हा हात खाली-वर. १८६६ मध्ये नेल्सन किंग याने बाजूला एक छोटी खिडकी काढली, त्यामुळे काडतुसं भरणं सोपं झालं. या १८६६ च्या विंचेस्टरचा मधला भाग कांस्याचा, पिवळा झळकणारा असे. तिच्या लांब, लष्करी नमुन्यात सतरा काडतुसं मावत.

शिपायाच्या नजरेतून पाहिलं तर ही जादूच होती. समोरचा एक गोळी झाडून दुसरी भरतो तोवर याच्या चार-पाच गोळ्या जाऊन पोचलेल्या. पण सरकारची नजर वेगळी असते. सरकारला लाखभर बंदुका घ्यायच्या असतात आणि त्यांना वर्षानुवर्षं खायला घालायचं असतं.

गंमत अशी, की ज्या देशात ही बंदूक जन्मली त्या देशाच्या सैन्याने ती मोठ्या प्रमाणावर घेतलीच नाही. अमेरिकेची यादवी १८६५ मध्ये संपली तेव्हा सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचे ढीग होते. त्यांचीच मागची बाजू कापून, तिथे उघडझाप करणारं झाकण बसवण्याचा स्वस्त उपाय निघाला. त्याच धर्तीवरची एकेक गोळी झाडणारी स्प्रिंगफील्ड अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये पक्की केली. शिपायाला सतरा काडतुसं दिली तर तो ती उधळेल, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. ब्रिटिशांनीही आपल्या जुन्या एन्फील्डना स्नायडरचं झाकण बसवलं होतं. रशियाने बोहेमियाच्या क्रिंकाची पद्धत घेतली आणि तेच केलं. म्हणजे त्या काळातलं शहाणपण असं होतं, की जुनीच बंदूक दुरुस्त करा, काडतुसं वाचवा.

तुर्कांनीही सुरुवात याच वाटेने केली. अमेरिकन यादवीनंतर उरलेल्या ठासणीच्या बंदुका त्यांनी घेतल्या आणि त्यांना स्नायडरचं झाकण लावून वापरल्या. पण सुलतान अब्दुलअझीझला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याला नव्या शस्त्रांचं आणि चिलखती युद्धनौकांचं अतिशय वेड. उत्तरेला रशिया दबा धरून बसलेला होता, त्यामुळे हे नुसतं वेड म्हणून सोडूनही देता येत नाही. १८७० आणि १८७१ मध्ये तुर्कांनी विंचेस्टर कंपनीकडून ४५ हजार लांब बंदुका आणि घोडदळासाठी ५ हजार आखूड बंदुका घेतल्या. त्यानंतर त्यांनी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे पीबॉडी-मार्टिनी या दुसऱ्या बंदुकीची मागणी नोंदवली आणि वाढवत वाढवत ती ६ लाखांपर्यंत नेली.

दोन्ही बंदुका लिव्हरच्याच, पण दोघींत मोठा फरक होता. मार्टिनीची लिव्हर ओढली की मागचा ठोकळा खाली जाई, काडतूस हाताने एकेक घालावं लागे. मात्र तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम शिशाची. मागे ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम दारू. ती दीड-दोन किलोमीटरवर उभ्या असलेल्या जमावातही माणूस मारू शकत होती. विंचेस्टरची गोळी २०० ग्रेनची, तेरा ग्रॅमची, आणि दारू फक्त २८ ग्रेन. दोनशे पावलांच्या आत ती भयानक, त्यापलीकडे तिचा जोर ओसरत जाई. मार्टिनीच्या एका गोळीच्या शिशात विंचेस्टरच्या दोन गोळ्या होऊन वर थोडं उरे. पण मार्टिनीवाला शिपाई एक काडतूस झाडी तोवर विंचेस्टरवाला कितीतरी झाडून मोकळा होई. बंदुकीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसाची रोज. दुकानातल्या किमतीवरून बंदूक स्वस्त की महाग हे कधीच कळत नाही.

ही काडतुसं कुठून येणार होती? तीही बहुतांशी अमेरिकेहूनच. विंचेस्टर कंपनीने तुर्कांना मार्टिनीचीही कोट्यवधी काडतुसं पुरवली. इस्तंबूलला तोपहाने हा जुना शस्त्रकारखाना होता. पण एकाच मापाचे हजारो सुटे भाग कापणारी यंत्रं, ती चालवणारे कारागीर, तसं पोलाद, यांची जुळवाजुळव तिथे झालेली नव्हती. तयार माल मागवणं सोपं होतं.

आता पावतीतला आणखी एक आकडा. न्यूयॉर्कला तुर्कांचा महावाणिज्यदूत होता ख्रिस्तोफर ओस्कान्यान. इस्तंबूलचा अर्मेनियन, अमेरिकेत शिकलेला, तुर्की समाजावर इंग्रजीत पुस्तक लिहिलेला माणूस. शस्त्रं पारखण्यासाठी सुलतानाच्या सरकारने रुस्तम बे नावाचा अधिकारी अमेरिकेला पाठवला होता. ओस्कान्यानने विंचेस्टर कंपनीशी करार केला, की तुर्की सरकार तुमचा माल घेईल असं मी पाहतो, विक्रीवर मला दहा टक्के द्या. त्याने आपलं वजन वापरलं, खरेदी झाली. मग कंपनीने दलाली द्यायला नकार दिला. गरज सरो, वैद्य मरो!

ओस्कान्यान कोर्टात गेला. त्याचा दावा १ लाख ३६ हजार डॉलरचा होता, म्हणजे मूळ विक्री १३ लाख ६० हजार डॉलरची. ५० हजार बंदुकांवर हा आकडा वाटला तर एका बंदुकीला सत्तावीस डॉलरांच्या आसपास पडतात आणि त्यातले पावणेतीन डॉलर दलालीचे. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी अधिकाऱ्याने आपल्याच सरकारवर वजन वापरून त्याबद्दल पैसे घेण्याचा करार मुळातच भ्रष्ट आहे, असा पैसा वसूल करून द्यायला कोणतंही न्यायालय मदत करणार नाही. वाणिज्यदूत रिकाम्या हाती राहिला. कंपनीचा फायदा कंपनीकडे राहिला. ज्याच्या तिजोरीतून हे सगळं गेलं तो अनातोलियाचा शेतकरी या खटल्यात कुठेच नव्हता.

विंचेस्टर वाईट बंदूक होती, असं यातून मला सुचवायचं नाही. ती उत्तम होती. पण खरेदी करणाऱ्याचा माणूसच विकणाऱ्याचा दलाल झाला, तर आपल्याला नेमकी कोणती आणि किती बंदूक हवी, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जात नाही. आजच्या कुठल्याही शस्त्रखरेदीच्या बातमीत हे नात्यातलं पात्र ओळखू येईल.

त्या तिजोरीची अवस्था काय होती? उस्मानी सल्तनतीने पहिलं परदेशी कर्ज काढलं १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धासाठी. त्यानंतर चटक लागावी तसं झालं. लंडन आणि पॅरिसच्या बाजारात कर्जरोखे विकायचे, दलाली आणि सूट वजा होऊन हाती कमी रक्कम यायची, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. राजवाडे, रेल्वे, जहाजं, बंदुका, जुन्या कर्जाचे हप्ते, सगळं त्यातूनच चाललं होतं. एकट्या बंदुकांनी दिवाळं काढलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण बंदुकाही याच उसन्या पैशातून येत होत्या. १८७३ ते १८७५ या काळात मध्य अनातोलियात भीषण दुष्काळ पडला. अंकारा, कायसेरीकडची माणसं आणि जनावरं भुकेने मेली. करवसुली घटली, व्याज थांबलं नाही. ऑक्टोबर १८७५ मध्ये सरकारने जाहीर केलं, की व्याजाची निम्मीच रक्कम रोख देऊ. पुढच्या वर्षी तेही बंद पडलं. डोक्यावर सुमारे वीस कोटी पौंडांचं कर्ज होतं.

त्याच १८७५ च्या उन्हाळ्यात हर्झेगोव्हिनात शेतकरी उठले. पीक बुडालेलं असताना कर वसूल करणारे दारात आले, हे तिथल्या उठावाचं तातडीचं कारण होतं. ठिणगी पसरत गेली. १८७६ मध्ये बल्गेरियात बंड झालं आणि ते चिरडताना बाशीबुझुक म्हणवणाऱ्या बेशिस्त टोळ्यांनी बाटाकसारख्या गावांत हजारो ख्रिस्ती माणसं, बायका-मुलांसह, कापून काढली. आपल्या अभिमानाच्या कथेत हे पान चिकटून बसलेलं असतं, ते सोडवून वाचायला हवं. युरोप खवळला. रशियाला निमित्त हवंच होतं. एप्रिल १८७७ मध्ये त्याने युद्ध पुकारलं.

म्हणजे साखळी अशी. शस्त्रांसकट साऱ्या खर्चासाठी कर्ज, कर्जाच्या व्याजासाठी कर, कराच्या जाचातून बंड, बंडातून युद्ध, आणि त्या युद्धात वापरायला तीच शस्त्रं.

जून १८७७ च्या अखेरीस रशियन फौजा डॅन्यूब ओलांडून आल्या. उस्मान पाशा विदिनहून सुमारे पंधरा हजार माणसं घेऊन निघाला आणि जवळपास दोनशे किलोमीटरची मजल मारून रशियनांच्या आधी प्लेव्हनात पोचला. गाव खोलगट भागात, भोवती टेकड्या. किल्ला नव्हता. पाशाने शिपायांच्या हातात फावडी दिली. मातीच्या गढ्या आणि खंदक उभे राहिले. शिपाई दमले, पण खणणं थांबलं नाही. एक हल्ला परतला की लगेच पुन्हा फावडी.

पहिला हल्ला २० जुलैला झाला, दुसरा ३० जुलैला. दुसऱ्यात रशियनांची सात हजारांहून अधिक माणसं ठार किंवा जखमी झाली. ११ सप्टेंबरला तिसरा आणि सर्वांत मोठा हल्ला झाला. झार अलेक्झांडर दुसरा स्वतः पाहायला आला होता, रुमानियाची फौजही सोबत होती. दोन दिवसांत हल्लेखोरांची पंधरा हजारांहून अधिक माणसं पडली. एक गढी रुमानियनांनी घेतली, दोन गढ्या स्कोबेलेव्हने घेऊन पुन्हा गमावल्या. प्लेव्हना उभंच राहिलं.

इथे दोन्ही बंदुकांनी आपापलं काम केलं. रशियन रांगा दूर असतानाच मार्टिनीचा मारा सुरू होई, नीट नेम न धरता, खंदकातून, पावसासारखा. रशियन शिपायाच्या हातात बहुधा क्रिंका होती. सामान्य शिपायाच्या क्रिंकावर नेमाची खूण फक्त सहाशे पावलांपर्यंतची. त्यापुढे शिपायाने गोळी झाडूच नये, संगीन घेऊन पुढे जावं, असं त्यांच्या सेनानींचं मत. त्यामुळे हजारभर पावलं रशियन शिपाई नुसता मार खात चालत राही. मग तो शेवटच्या दोनशे पावलांत पोचला, की विंचेस्टर बाहेर निघत. मुळात घोडदळासाठी आलेल्या कित्येक विंचेस्टर आता खंदकातल्या पायदळाच्या हाती होत्या, शेजारी काडतुसांच्या उघड्या पेट्या. अनेक गोष्टी रंगवून सांगितल्या जातात आणि सगळं श्रेय विंचेस्टरला दिलं जातं. ते खरं नाही. मोठा वाटा मार्टिनीचा, आणि त्याहून मोठा फावड्याचा. फावड्याला कुठल्या दलालाची गरज पडली नव्हती.

मग हार कशी झाली? रशियनांनी हल्ले थांबवले. सेव्हास्तोपोल लढवून नाव कमावलेला म्हातारा तोतलेबेन आला. त्याने सरळ वेढा आवळायचं ठरवलं. ऑक्टोबरच्या अखेरीस गुर्कोने गोर्नी दुब्निक आणि तेलिश घेतलं, तशी ओर्हानियेकडून येणाऱ्या रसदीची वाट तुटली. आता धान्यही संपणार आणि काडतुसंही. जी बंदूक मिनिटाला पंधरा-वीस गोळ्या खाते, तिला दर मिनिटाला मागून येणारी वाट लागते. ती वाट न्यू हेवनपासून समुद्रमार्गे इस्तंबूल आणि तिथून बैलगाड्यांनी बाल्कन डोंगरांपर्यंत होती. तिचं शेवटचं टोक कापायला पुरेसं सैन्य रशियाकडे होतं.

१० डिसेंबर १८७७ रोजी उस्मान पाशाने विद नदी ओलांडून वेढा फोडायचा शेवटचा प्रयत्न केला. पाशाच्या पायाला गोळी लागली. चाळीस हजारांहून अधिक माणसांनी शस्त्रं ठेवली. झारने पाशाची तलवार सन्मानाने परत केली, हा प्रसंग सगळे सांगतात. त्याच्या शिपायांना बर्फातून चालवत नेलं आणि त्यांतले हजारो वाटेत मेले, हा प्रसंग कमी सांगितला जातो. पाशा पुढे युद्धमंत्री झाला, १९०० मध्ये वारला. इस्तंबूलच्या फातिह मशिदीजवळ त्याची कबर आहे. शिपायांच्या कबरी कुठे आहेत हे कोण सांगणार?

युद्ध जिंकणाऱ्याकडे वाईट बंदूक होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. रशियाने बर्डान ही चांगली बंदूक निवडली होती, तीही एका अमेरिकन माणसाचीच. पण त्याने नुसत्या बंदुका घेतल्या नाहीत. पहिल्या काही हजार बर्मिंगहॅमला बनवून घेतल्या आणि सोबत यंत्रं मागवून तुलाच्या कारखान्यात बसवली. १८७७ पर्यंत त्या सगळ्या फौजेला पुरल्या नाहीत, म्हणून रशियन शिपाई क्रिंका घेऊन प्लेव्हनाच्या उतारावर मेला. ती किंमत त्यांनी मोजली. मात्र पुढच्या वर्षांत रशियन शिपायाला बंदूक स्वतःच्या कारखान्यातून मिळत गेली. तुर्कांनी प्लेव्हनापासून लवकर आणि जास्त गोळ्यांचा धडा घेतला, खरा. १८८७ मध्ये त्यांनी जर्मनीच्या माउझर कंपनीशी पाच लाख रायफलींचा करार केला. पुन्हा दुसऱ्याचा कारखाना, पुन्हा दुसऱ्याचं काडतूस.

जुन्या पावत्यांचं काय झालं? तुर्कांचे हप्ते थकत गेले. प्रॉव्हिडन्स टूल कंपनीने सहा लाख बंदुकांच्या मागणीवर आपला कारखाना वाढवला होता, ती या थकबाकीत बुडाली. हजारो मैलांवरच्या एका अमेरिकन गावातल्या कामगारांची रोजी अनातोलियाच्या दुष्काळाला बांधलेली होती, हे त्यांना कधी कळलंही नसेल. दुसरीकडे, १८८१ मध्ये सावकार देशांसाठी इस्तंबूलला ‘दुयून-ए-उमूमिये’ म्हणजे सार्वजनिक कर्ज प्रशासन बसलं. मीठ, तंबाखू, मुद्रांक, दारू, मासळी आणि रेशीम यांवरचं उत्पन्न थेट त्याच्याकडे जाऊ लागलं. सुलतानाच्या नावाने खुत्बा चालू राहिला आणि मिठाचा पैसा परदेशी कारकून मोजू लागले. १८७८ च्या सान स्तेफानो आणि बर्लिनच्या तहांनी बाल्कनचा मोठा भाग गेला. लाखो मुसलमान घरदार सोडून इस्तंबूल आणि अनातोलियाकडे निघाले. बाटाकच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने जे भोगलं होतं, ते आता बल्गेरियाच्या मुसलमान शेतकऱ्याच्या वाट्याला आलं.

आणि आपण? प्लेव्हना चालू असताना हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी तुर्क जखमी आणि अनाथांसाठी वर्गणी गोळा केली. मुंबईही त्यात होती. ते साल १८७७. आपल्या दख्खनवर तेव्हा १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ होता. सोलापूर, अहमदनगर, विजापूरकडची माणसं दगड फोडायच्या कामावर मुठभर धान्यासाठी रांगा लावत होती. त्या वर्गणीची थट्टा करायचं माझ्या मनात नाही. परक्या दुःखासाठी खिशात हात घालणं ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या वर्गणीतल्या रुपयाने मलमपट्टी होणार होती आणि कर्जाच्या पौंडाने बंदुका आल्या होत्या. दुसरा हिशेब आपल्या वर्तमानपत्रांच्या वीरकथांतून कुणाला दिसणार होता?

१८७८ मध्येच व्हाइसरॉय लिटनने हिंदुस्थानात शस्त्रकायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येणार नाही, युरोपियनांना मात्र सूट. सत्तावन्ननंतर हिंदी पलटणींना गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हा रिवाज तर आधीपासून होताच. त्यामुळे इथला मुसलमान, आणि हिंदूही, आझादच्या गोष्टीत बंदूक चालवून घेत होता. ज्याच्या हातात बंदूकच नाही त्याला बंदुकीचा हिशेब ठेवायची सवय कुठून लागणार? त्याला शौर्य तेवढं पुरतं.

हेच आजही अडतं. आपल्या मजलिशींत, व्हॉट्सअ‍ॅपवर, मुलांच्या तोंडी उस्मानी दबदब्याच्या मालिका असतात. त्यांत तलवारी चमकतात, घोडे दौडतात. त्या पाहू नयेत असं मी म्हणणार नाही. उस्मान पाशा धैर्यवान होता आणि त्याचे शिपाई त्याहून. पण वर्गात एखाद्या मुलाने विचारलं, की सर, एवढे शूर होते, चांगली बंदूकही होती, मग हरले कसे, तर त्याला रशियाची संख्या आणि युरोपचा कट एवढंच उत्तर देऊन गप्प करू नये. त्याला काडतुसाचं वजन सांगावं, दहा टक्क्यांचा खटला सांगावा, अनातोलियाचा दुष्काळ सांगावा, तुलाच्या कारखान्यातली यंत्रं सांगावीत. गणिताच्या वहीत मांडता येईल असं ते उत्तर आहे आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.